विश्लेषण : रोप टिश्यू कल्चरचे, पण मूळ झाड कोणते?

केळीचे रोप फसले, तर शेतकऱ्याचे एक वर्ष जाते. सागाचे रोप फसले, तर २० वर्षे जातात. तरीही दोन्ही रोपे एकाच शब्दावर विकली जातात : टिश्यू कल्चर. जळगावच्या केळीने या शब्दाला जो विश्वास मिळवून दिला, त्याच विश्वासावर आता साग, बांबू, चंदन, निलगिरी यांची रोपे शेताच्या बांधापर्यंत पोहोचत आहेत. केळीबाबत हा विश्वास कमावलेला आहे. झाडांबाबत तो बराचसा उसना आहे.

टिश्यू कल्चर हे तंत्र खोटे नाही, ते उत्तम आहे. पण ते नक्कल काढण्याचे तंत्र आहे, झाड सुधारण्याचे नव्हे. नक्कल कशी निघणार हे मूळ झाडावर ठरते. खाण तशी माती. त्यामुळे झाडाच्या टिश्यू कल्चर रोपासोबत त्याच्या मातृवृक्षाची माहिती देणे बंधनकारक असायला हवे. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी बाटलीत झाड कसे तयार होते ते पाहावे लागेल.

बाटलीत झाड कसे तयार होते?

निवडलेल्या झाडाच्या कोवळ्या फांदीचा, डोळा असलेला लहानसा तुकडा घेतला जातो. तो धुऊन, रसायनाने निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत ठेवतात. बाटलीत मातीऐवजी अगरने घट्ट केलेले पोषक माध्यम असते. त्यात क्षार, जीवनसत्त्वे आणि लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर असते. जगभर सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम तोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींवर काम करताना तयार केले. ते आजही ‘एमएस माध्यम’ म्हणून ओळखले जाते.

खरी किल्ली दोन संप्रेरकांत आहे. सायटोकायनिन जास्त असेल तर तुकड्याला धुमारे फुटतात, ऑक्सिन जास्त असेल तर मुळे फुटतात. स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी १९५७ मध्ये हे दाखवून दिले आणि तेव्हापासून प्रयोगशाळेचे कामकाज याच सूत्रावर चालते. आधी धुमारे फोडायचे, ते वेगळे करून नव्या बाटल्यांत लावायचे, त्यांना पुन्हा धुमारे फोडायचे. पुरेशी संख्या झाली की त्यांना मुळे फोडायची.

संख्येचा वेग थक्क करणारा आहे. दर महिन्याला एका धुमाऱ्याचे तीन झाले, तर कागदावर वर्षभरात एकाचे ५ लाखांहून अधिक होतात. प्रत्यक्षात बुरशी, नासाडी आणि मनुष्यबळामुळे हा आकडा बराच खाली येतो. तरीही बियाणे किंवा कलम यांना हा वेग गाठता येत नाही.

शेवटचा टप्पा हार्डनिंगचा. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो. ते थेट उन्हात नेले तर काही तासांत कोमेजते. म्हणून आधी पॉलिहाऊस, मग शेडनेट असे टप्प्याटप्प्याने त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात. अनेक रोपे याच टप्प्यावर मरतात.

केळीला जमले, मग झाडांना अवघड का?

केळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झाड नाही, ती एक मोठी मऊ वनस्पती आहे. तिच्या कंदात वाढणारा कोंब सहज मिळतो आणि बाटलीत पटकन रुळतो. झाडांचे तसे नसते.

पहिली अडचण वयाची. झाड चांगले आहे की नाही हे ते मोठे झाल्यावरच कळते. पण मोठ्या झाडाच्या फांदीचा तुकडा बाटलीत सहसा रुसून बसतो. धुमारे फुटत नाहीत आणि फुटलेच तर मुळे धरत नाहीत. रोप लहान असते तेव्हा तुकडा सहज साथ देतो, पण तेव्हा ते रोप पुढे कसे निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून बुंध्याजवळ फुटलेले धुमारे घेतात, किंवा जुन्या झाडाची फांदी कोवळ्या रोपावर पुन्हा पुन्हा कलम करून तिला ‘तरुण’ करतात.

दुसरी अडचण रसायनांची. अनेक झाडांच्या कापलेल्या तुकड्यातून फेनॉल द्रव्ये पाझरतात, माध्यम तपकिरी पडते आणि तुकडा मरतो. आंबा याचे नेहमीचे उदाहरण. म्हणूनच कोकणात हापूसची लागवड आजही कलमांवरच चालते. कलम हीसुद्धा एका झाडाची नक्कलच आहे. फरक इतकाच, की कलम घेणारा बागायतदार अनेकदा मूळ झाड आणि त्याचे फळ पाहून आलेला असतो.

तिसरी अडचण जंतूंची. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या झाडाच्या खोडाच्या आत जीवाणू आणि बुरशी वस्तीला असतात. वरून कितीही निर्जंतुक केले तरी ते काही आठवड्यांनी बाटलीत डोके वर काढतात.

पुण्यातील प्रयोगशाळेने काय दाखवले?

या सगळ्या अडचणींवर मात करणारे काही महत्त्वाचे काम महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सागाच्या टिश्यू कल्चरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात रोपांबरोबरच सुमारे १०० वर्षे वयाच्या निवडक सागवृक्षांपासूनही नवी रोपे तयार केल्याचे दाखवले होते. पुढच्याच वर्षी याच गटाने निलगिरीच्या एका जातीवरचे काम प्रसिद्ध केले.

यातला ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या शास्त्रज्ञांनी सुरुवात झाडाच्या निवडीपासून केली, बाटली नंतर आली. सरळ बुंधा, कमी फांद्या, चांगली जाडी, रोगाची लक्षणे नाहीत, असे गुण असलेला वृक्ष वनशास्त्रात ‘प्लस ट्री’ म्हणून नोंदवला जातो. १०० वर्षे ऊन-पाऊस सोसून उभ्या राहिलेल्या झाडाने आपली परीक्षा दिलेली असते. बाजारात टिश्यू कल्चर हा शब्द पोहोचला, ही निवडीची पायरी मात्र मागे राहिली.

टिश्यू कल्चर म्हणजे जास्त वाढ?

नाही. जाहिरातींतला हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. बाटलीत वाढल्यामुळे सागाच्या जनुकांत वेगाने वाढण्याचा गुण येत नाही. मातृवृक्ष जोमदार असेल तर रोपही जोमदार असण्याची शक्यता मोठी. मातृवृक्ष सुमार असेल तर त्याच्या लाखभर सुमार नकला तयार होतील, तेवढेच.

मग टिश्यू कल्चरच्या सागाची लागवड पहिल्या दोन-तीन वर्षांत बियाण्याच्या लागवडीपेक्षा चांगली का दिसते? एक कारण एकसारखेपणाचे. बियाण्याच्या रोपांत काही उंच, काही खुजी असतात, नकला मात्र रांगेत सारख्या उभ्या राहतात. दुसरे कारण जास्त साधे आहे. महागडे रोप घेणारा शेतकरी त्याला ठिबकही देतो आणि खतही घालतो. वाढीचे श्रेय मग बाटलीला मिळते.

लाकडाचा प्रश्न आणखी वेगळा. सागाला भाव मिळतो तो गाभ्याच्या लाकडाला. कोवळ्या झाडात कडेच्या पांढऱ्या लाकडाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे बुंध्याचा घेर लवकर वाढला म्हणजे त्याच प्रमाणात चांगले लाकूड मिळाले, असे होत नाही.

सागाच्या स्वप्नाने फसवणूक होण्याची ही पहिली वेळही नाही. १९९०च्या दशकात सागाच्या झाडांत पैसे गुंतवा आणि काही वर्षांत कित्येक पट मिळवा, अशा योजना देशभर फोफावल्या होत्या. अनेक कंपन्या बुडाल्या, गुंतवणूकदारांचे पैसे गेले आणि १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. दीर्घ मुदतीच्या पिकात वचन आज दिले जाते आणि हिशेब द्यायची वेळ येते तेव्हा समोर कोणी नसते. रोपांच्या बाजारालाही हे लागू पडते.

चूक उशिरा कळली तर काय होते?

याचे उत्तर मलेशियाच्या तेलताडाने दिले आहे. भरघोस तेल देणाऱ्या ताडांच्या नकला काढायला १९७०च्या दशकात सुरुवात झाली. रोपवाटिकेत रोपे उत्तम होती, शेतातही चांगली वाढली. फुले-फळे येऊ लागल्यावर १९८०च्या दशकात लक्षात आले, की अनेक झाडांची फळे विकृत आहेत. फळाभोवती जादा मांसल पाकळ्यांसारखे भाग येत होते. विकृती तीव्र असलेल्या झाडांची फळे गळून जात आणि तेल मिळत नसे. या दोषाला ‘मँटल्ड’ असे नाव पडले.

कारण सापडायला जवळपास ३० वर्षे लागली. २०१५ मध्ये मलेशियन पाम ऑइल बोर्ड आणि सहकारी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये ते मांडले. या झाडांच्या डीएनएची अक्षरे बदललेली नव्हती. एका विशिष्ट ठिकाणची रासायनिक खूण, म्हणजे मेथिलेशन, टिश्यू कल्चरच्या प्रक्रियेत पुसली गेली होती. नेहमीच्या डीएनए चाचणीत ही रोपे मूळ झाडाशी तंतोतंत जुळली असती.

इथे धुमारे कोणत्या मार्गाने फुटले हे महत्त्वाचे ठरते. आधीच असलेल्या डोळ्यातून धुमारा फोडला तर दोषाचा धोका कमी असतो. तेलताडाला मात्र फांद्याच नसतात, त्यामुळे आधी पेशींचा बेढब गोळा, म्हणजे कॅलस, तयार करून त्यातून नवे रोप घडवावे लागते. या मार्गात आणि एकच कल्चर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वाढवत राहिल्यास असे बदल होण्याची शक्यता वाढते. विकत घेणाऱ्याला रोपाकडे पाहून यातले काहीही कळत नाही.

नावाची चूकही अशीच उशिरा कळते. अमेरिकेत बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात चेस्टनटची काही अब्ज झाडे मारली. ही झाडे परत आणण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी गव्हाचे एक जनुक चेस्टनटच्या पेशींत घालून त्यांतून रोपे घडवली. ‘डार्लिंग ५८’ हा वाण सर्वांत आशादायक मानला गेला. २०२३ मध्ये उघड झाले, की प्रयोगांत वापरली गेलेली झाडे ‘डार्लिंग ५८’ची नसून ‘डार्लिंग ५४’ची होती. घोळ २०१६ मध्ये झाला होता. प्रत्येक रोपाची नोंद ठेवणाऱ्या विद्यापीठात चूक कळायला सात वर्षे लागत असतील, तर ज्या रोपाची नोंदच नाही त्याची चूक शेतकऱ्याला कधी कळणार?

बांबूच्या बाबतीत वय का विचारायचे?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे तो बांबूमुळे. बांबू हे गवत. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि तोडणी-वाहतुकीची कटकट कमी झाली. लागवडीला वेग आला. राज्याच्या अटल बांबू समृद्धी योजनेत शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरची रोपे सवलतीत दिली जातात.

बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि नंतर मरतात. हे चक्र काही दशकांचे असते. एकाच पिढीची बेटे वेगवेगळ्या गावी नेऊन लावली तरी साधारण एकाच काळात फुलतात. म्हणजे बांबूच्या पेशींना आपले वय ठाऊक असते आणि तुकडा बाटलीत गेला म्हणून ते शून्यावर येत नाही. समजा, ४० वर्षांनी फुलणाऱ्या जातीच्या ३५ वर्षांच्या बेटातून तुकडा घेतला, तर त्यापासून केलेली लाखो रोपे पाचेक वर्षांत फुलून वाळण्याचा धोका आहे. शेतकऱ्याने मात्र हिशेब ४० वर्षांचा केलेला असतो.

बाटलीत बांबूचे घड्याळ ढळू शकते हेही एनसीएलनेच जगाला दाखवले. रजनी नाडगौडा, व्ही. ए. परशरामी आणि मस्कारेन्हास यांनी १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, एरवी काही दशकांनी फुलणारा बांबू काही महिन्यांत बाटलीतच फुलवला आणि त्याला बीही धरले. जगभर गाजलेल्या या प्रयोगाचा लागवडीसाठी अर्थ एकच : बेटाचे वय आणि मूळ यांची नोंद नसेल तर बांबूचे रोप म्हणजे तारीख न टाकलेले औषध.

सगळी झाडे एकसारखी असण्यात धोका काय?

मातृवृक्ष उत्तम निवडला तरी एक प्रश्न उरतो. २०००च्या दशकात दक्षिण भारतातील निलगिरीवर लेप्टोसायब इन्व्हेजा या गाठी करणाऱ्या चिमुकल्या माशीचा हल्ला झाला. काही क्लोनच्या पानांवर आणि देठांवर गाठीच गाठी आल्या, काही क्लोन तरले. ज्यांनी एकच क्लोन लावला होता आणि तोच बळी पडणारा निघाला, त्यांच्या शेतात वाचलेले असे काही नव्हते. बियाण्याच्या रोपांत काही तरी टिकतात. सारख्या नकलांचे दैवही सारखेच.

याचा अर्थ क्लोन लावूच नयेत असा नाही. अनेक तपासलेले क्लोन पट्ट्यापट्ट्याने मिसळून लावावेत, एवढाच आहे. शिवाय नकला काढायला प्रत्येक वेळी बाटली लागतेच असेही नाही. ब्राझीलच्या अराक्रूझ कंपनीच्या निलगिरी क्लोनना १९८४ मध्ये मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले, ते धुमाऱ्यांच्या छाटांना मुळे फोडून केलेल्या कामासाठी. भारतात भद्राचलम येथे आयटीसीने निलगिरीचे क्लोन याच स्वस्त पद्धतीने वाढवले. दोन्हीकडे यशाचे मूळ निवडीत आणि शेतातल्या चाचण्यांत होते.

आणि नवा मातृवृक्ष मिळणार कुठून? तो बियाण्यातूनच, जिथे दर पिढीत नवी मिसळण होते. २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेले गडचिरोलीतील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’सारखे जुने वन म्हणूनच प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहे.

प्रमाणपत्र असते, मग अडचण काय?

भारतात टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे. बियाणे कायदा १९६६ खाली २००६ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाला त्याचे अधिकार दिले गेले. तपासणीचा रोख दोन गोष्टींवर असतो : रोपात विषाणू नाहीत ना आणि रोप मूळ झाडाशी जनुकीयदृष्ट्या जुळते का. केळीसाठी हे बहुतांशी पुरेसे आहे, कारण जी-नाइन काय देते हे सगळ्यांना माहीत आहे. झाडाबाबत मात्र नक्कल शुद्ध असल्याचा दाखला मिळतो. मूळ झाड नक्कल काढण्याच्या लायकीचे होते का, हा प्रश्न तसाच राहतो.

युरोपीय संघाने हा प्रश्न १९९९ च्या निर्देशात सोडवला. वनलागवडीच्या रोपांचे चार वर्ग केले. फक्त उगमस्थान माहीत असलेले, निवडलेले, गुणवान झाडांपासून घेतलेले आणि चाचणीत सिद्ध झालेले. त्यांच्या लेबलांसाठी अनुक्रमे पिवळा, हिरवा, गुलाबी आणि निळा असे रंग ठरवले. पिवळ्या लेबलचे रोप विकायला बंदी नाही. ते निळे म्हणून विकायला आहे.

प्रयोगशाळांचा आक्षेप असू शकतो, की सागाच्या चाचणीला २० वर्षे लागतात, तोवर व्यवसाय थांबवायचा का? थांबवण्याची गरज नाही. जे सिद्ध झालेले नाही ते ‘सिद्ध नाही’ म्हणून विकावे आणि किंमतही तशी ठेवावी. प्रामाणिक प्रयोगशाळांना याचा फायदाच होईल. आज त्यांचे रोप आणि कुठूनही तुकडा उचलून केलेले रोप शेजारी-शेजारी एकाच नावाने विकले जाते.

आता काय करता येईल?

लेबलवर पाच गोष्टी छापणे अवघड नाही. मातृवृक्षाचा क्रमांक आणि ठिकाण. त्याचे वय, बांबू असेल तर बेटाचे. रोप डोळ्यातून केले की कॅलसमधून. कल्चर किती वेळा पुन्हा वाढवले. आणि या क्लोनची शेतातली सर्वांत जुनी लागवड कुठे व किती वर्षांची आहे. शेवटच्या मुद्द्यावर ‘नाही’ असे उत्तर असेल तर तसे छापावे. एक क्यूआर कोड एवढी माहिती सहज सांभाळू शकतो.

हे प्रश्न रोप घेण्यापूर्वी शेतकऱ्याने विचारावेतच. पण एकट्या शेतकऱ्याने विचारून बाजार बदलणार नाही. बदलू शकते ती अनुदान देणारी यंत्रणा. सरकार सवलतीत वाटण्यासाठी रोपे घेते, तेव्हा तेच मोठे गिऱ्हाईक असते. खरेदीच्या अटींत या पाच ओळी घालायला नवा कायदा लागत नाही. ज्या रोपाचा मातृवृक्ष सांगता येत नाही त्याला अनुदान नाही, एवढा एक नियम झाला तरी प्रयोगशाळा बाटलीआधी झाडाकडे पाहू लागतील. आज लावलेल्या सागाचा हिशेब २० वर्षांनी द्यायचा आहे. तो कोणाकडे मागायचा, हे आजच लिहून ठेवायला हवे.